किंकाळ्या लिहिण्याचं काम

‘मराठी मंडळाच्या या वर्षीच्या अंकासाठी तुझ्या कामाविषयी लिही’ असं दामलेकाकूंनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाही म्हणाले. असे लेख निवृत्त माणसांनी लिहायचे असतात. कुणी बँकेत उभी हयात काढलेली असते, कुणी बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात शेकडो बाळंतपणं केलेली असतात. माझं तसं काही नाही. एमए करता करता, आणि झाल्यावरही काही काळ, मी एका लहान कंपनीत पार्ट-टाइम काम केलं, एवढंच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे मला ऑफिस म्हणजे काय, हेही तिथेच कळलं.

दुसरं कारण असं, की त्या कामाची मला लाज वाटायची. ती अजून पूर्ण गेली आहे असं म्हणता येणार नाही. काकू या अंकाच्या संपादक मंडळात आहेत, म्हणजे हे सगळ्यांत आधी त्याच वाचतील. लंडनजवळ स्लाऊमध्ये त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी राहत होते, आणि माझ्या कामाविषयी मी त्यांना जे सांगितलं होतं ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. काकू, आधी चहा घ्या आणि मग वाचा.

मी सांगितलं होतं, “फ्रेंच सिनेमांचं भाषांतर करते.”

काकूंनी ते पुढच्याच रविवारी मंडळात जाहीर केलं. “आमची शुभांगी फ्रेंच फिल्म्स करते हं. म्हणजे आर्ट फिल्म्स. आपल्यासारखं नाही, उगाच गाणी आणि मारामाऱ्या.” मग माझ्याकडे वळून, “एखादी आण ना गं घरी. लेडीज इव्हिनिंगला लावू. सबटायटल्स असतात ना?”

“असतात,” मी म्हटलं. “पण अजून मार्केटमध्ये आलेल्या नाहीत, काकू.”

त्या आल्या होत्या. हाय स्ट्रीटवरच्या दुकानात, लाल गोलात अठरा लिहिलेला शिक्का मिरवत, दर्शनी फळीवर मांडलेल्या होत्या. मी त्या दुकानासमोरून जाताना फुटपाथ बदलत असे.

त्या वर्षांत फ्रान्समधले काही तरुण दिग्दर्शक एका वेगळ्या प्रकारचे भयपट काढत होते. खुनी माणूस, सुरी, एकामागून एक बळी, हा प्रकार अमेरिकेत जुनाच. पण अमेरिकन सिनेमात मधूनमधून हसायला जागा असते. मुखवटा दिसतो, मुलं मूर्खपणा करतात, प्रेक्षक शिट्ट्या मारतात. या फ्रेंच सिनेमांत तशी सुटका नसे. एक घर, एक बाई, आणि कॅमेरा मान वळवायला तयार नाही. आपण ज्या क्षणी डोळे मिटू, त्या क्षणी तो आणखी जवळ जायचा. कॉलेजातले माझे प्रोफेसर म्हणायचे की यात आजच्या फ्रान्सचा राग आहे, शहरांच्या कडेला राहणाऱ्यांची भीती आहे. असेल. मी ते वहीत उतरून घेतलं आणि परीक्षेत लिहिलंही. पण रक्त बघून मला फ्रान्स आठवायचा नाही. मी डोळे मिटायचे.

मी फ्रेंच शिकले ती पुण्यात, आणि ती बेकरीत सुरू झाली. पहिल्या धड्यात एक बाई पाव घ्यायला जाते, दुसऱ्यात स्टेशनचा रस्ता विचारते. ती बिचारी बाई पुढे तळघरात कोंडली जाणार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं ऑफिस ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, टाइल्सच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. वारा फिरला की चॉकलेटच्या कारखान्याचा गोड वास आत यायचा. कॉलिन हा आमचा बॉस. पन्नाशीचा, कायम स्वेटरमध्ये, सगळ्यांना स्वतः चहा करून देणारा. घरामागे टोमॅटो लावायचा आणि पिशव्या भरभरून ऑफिसात आणायचा. कागदाने बोट कापलं तरी त्याला घेरी यायची. असा माणूस असले सिनेमे करायचा, कारण काम तेच येत होतं.

काम काय, ते सांगते. डीव्हीडीवर सबटायटल्सचे दोन प्रकार असतात. एक साधा, म्हणजे फ्रेंच बोलणं इंग्रजीत. दुसरा ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. त्यात बोलण्याबरोबर आवाजही लिहायचे. ‘दार करकरते.’ ‘दूरवर कुत्रा भुंकतो.’ माझ्याकडे हा दुसरा प्रकार होता. त्याचे नियम कॉलिनने पहिल्या दिवशी शिकवले. जे पडद्यावर दिसतं, ते लिहायचं नाही. जे फक्त ऐकू येतं, ते लिहायचं. आवाजाच्या आधी ओळ यायला नको, नाहीतर भीती फुटते. नंतरही नको, नाहीतर हसू येतं. आणि ‘भयानक आवाज’ असं कधीही लिहायचं नाही. भयानक आहे की नाही ते वाचणारा ठरवेल, आपण फक्त काय वाजलं ते सांगायचं.

“भीती वाटली तर काय करायचं?” मी विचारलं.

“आवाज बंद कर,” कॉलिन म्हणाला. “सगळी भीती आवाजात असते. आवाज काढून घेतलास की उरतो तो फक्त टोमॅटो सॉस. माझ्यावर विश्वास ठेव, टोमॅटोतलं मला कळतं.”

पण माझं कामच आवाजाचं होतं. तो बंद करून कसं चालेल? म्हणून मी उलटं केलं. मॉनिटरवर चिकटपट्टीने एक कोरा कागद लावला. खाली ओळी आणि वेळ दिसेल एवढीच पट्टी मोकळी ठेवली. एखादी गोष्ट पडद्यावर दिसते की नाही, हे बघण्यापुरता कागद कोपऱ्यातून उचलायचा आणि सोडायचा. मी ते सिनेमे बघितले असं म्हणता येणार नाही. मी ते ऐकले. हे जास्त वाईट असतं, हे मला उशिरा समजलं.

हे काम मला मिळालं अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत ते यंत्रमागावर आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून. मागांच्या शेडमध्ये शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही. शब्दाचा पुरा आकार तोंडाने करायचा, आणि उरलेलं कपाळाने आणि भुवयांनी सांगायचं. ‘चहा.’ ‘मालक आला.’ ‘धागा तुटला.’ अप्पांचे कान हळूहळू गेले, आणि मग घरातही आम्ही तसंच बोलू लागलो. आई सुताच्या कांड्या भरता भरता ओठांनी रागवायची. मी पहिलीत गेले तेव्हा बाई नाव विचारायच्या आणि मी नुसते ओठ हलवायचे. बाईंना वाटलं, मुलगी मुकी आहे.

इंटरव्ह्यूमध्ये कॉलिनने विचारलं, हे काम का करावंसं वाटतं? मी म्हटलं, माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. तो एवढंच म्हणाला, “सोमवारपासून ये.” तेव्हा मला वाटलं होतं, बातम्या असतील, स्वयंपाकाचे कार्यक्रम असतील.

मी अप्पांना कळवलं की ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी सिनेमा लिहिते. फोनवर त्यांना काही ऐकू यायचं नाही. भाऊ फोन त्यांच्या तोंडाशी धरायचा, ते बोलायचे आणि फोन परत द्यायचे. त्या दिवशी ते ओरडून म्हणाले, “चांगलं काम हाय, शुभे. लई चांगलं. माज्यासारख्यांचा इचार कोन करतंय?” भाऊ सांगत होता, अप्पा चहाच्या टपरीवर, सूतवाल्याकडे, दिसेल त्याला थांबवून सांगतात, ‘माजी पोरगी बहिऱ्यांसाठी पिक्चर लिवती.’

मी हे ऐकत होते तेव्हा माझ्या समोरच्या स्क्रीनवर, कागदाखाली, कुणीतरी कुणाचा तरी हात मोडत होतं.

आमच्या कंपनीत प्रत्येक सिनेमा बाहेर जाण्याआधी एक बाई बघायच्या. मार्गारेट त्यांचं नाव. साठीच्या, कौन्सिलच्या लायब्ररीतून रिटायर झालेल्या, लहानपणापासून पूर्ण बहिऱ्या. ओठ वाचायच्या आणि स्वच्छ, थोडं सपाट बोलायच्या. विणकाम घेऊन यायच्या, पाय स्टुलावर ठेवायच्या आणि पडद्यावर माणसं मरत असताना नातवाचे मोजे विणायच्या. भयपट हा त्यांचा जीव की प्राण.

माझा पहिला सिनेमा बघून त्या माझ्या टेबलाशी आल्या. “‘काहीतरी पडते.’ हे तू लिहिलंस?”

“हो.”

“काय पडतं? चहाचा कप की माणूस?”

“माणूस,” मी म्हटलं. “म्हणजे माणसाचा काही भाग.”

“मग तसं लिही ना! आणि हे, ‘त्याच्या हाताला इजा होते.’ इजा? तो सिनेमा आहे की इन्शुरन्सचा फॉर्म?”

मला ते शब्द लिहवत नव्हते. मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, आमच्या भाषेत वाईट शब्द तोंडातून काढू नयेत असं असतं. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं.

मार्गारेटनी सगळं नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, “फार सुंदर आहे. पण तो माणूस तिथे बांगडी वाढवत नाहीये, डिअर.” आणि मग गंभीर होऊन, “हे बघ. ऐकू येणारे लोक तिकीट काढून घाबरायला जातात. मलाही तेवढंच घाबरायचंय. माझी दया करू नकोस. आयुष्यभर लोक मला ‘काही नाही, नंतर सांगते’ म्हणत आलेत. तू तरी म्हणू नकोस.”

हे मला लागलं. अप्पांना आम्ही किती वेळा तसं म्हटलं होतं. पाहुणे हसायचे, अप्पा विचारायचे ‘काय झालं?’ आणि आम्ही ओठांनी म्हणायचो, ‘काही नाही.’

त्यानंतर मी शब्द शिकले. मोडणं, तुटणं, फाटणं, भसकन आत जाणं, यांतले फरक शिकले. ओल्या आवाजाला एक इंग्रजी शब्द, कोरड्याला दुसरा. लायब्ररीतून मोठा शब्दकोश आणून कॉलेजला जाताना ट्रेनमध्ये वाचायचे आणि शब्द कागदावर उतरवायचे. पॅडिंग्टनला जाणाऱ्या गर्दीत माझ्या शेजारच्या माणसाने एकदा माझ्या कागदावर नजर टाकली आणि पुढच्या स्टेशनला जागा बदलली.

मग हॉटेलचा सिनेमा आला. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. समुद्रकाठचं एक हॉटेल सीझन संपल्यावर बंद झालं आहे. चादरी धुवायला एक बाई मागे राहिली आहे. आणि हॉटेलात एक माणूस शिरला आहे, ज्याच्या हातात कालवांचे शिंपले उघडायची आखूड सुरी आहे. बाकी तुम्हाला कळलं असेल.

तळघरात धुण्याचं मोठं मशीन चालू असतं. बाई पाठमोरी घड्या घालत असते. एकदम ती दचकून वळते. तिथे मी ओळ लिहिली होती, ‘शांतता पसरते.’ माझ्या मते ती चांगली ओळ होती.

मार्गारेटनी सुया खाली ठेवल्या. “आधी कुठे काय वाजत होतं? मला तर सगळी शांतताच होती. मग शांततेनंतर शांतता कशी पसरते? ती बाई का वळली?”

कॉलिनने माझे हेडफोन लावून ऐकलं आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. “शुभांगी, इथे केवढं मशीन धडधडतंय. सगळा वेळ. तू लिहिलंच नाहीस?”

“ते…” मी म्हटलं, “ते तर असतंच ना.”

दोघं हसले. मीही हसले, पण मला कानांपर्यंत लाज वाटली. त्यांना कसं सांगू? आमच्या गल्लीत माग दिवसरात्र चालतात. तो आवाज आमच्या लेखी आवाज नाही, ती हवा आहे. मी जन्मल्यापासून त्यात झोपले. लाईट जाऊन माग थांबले की मात्र सगळी गल्ली दचकून जागी होते, तान्ही मुलं रडायला लागतात. म्हणून ते थांबणं मी ऐकलं आणि लिहिलं. चालू असणं मला ऐकूच आलं नाही.

मी ओळी बदलल्या. ‘मशीनची अखंड धडधड.’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘धडधड चालू.’ आणि मग, बाई वळायच्या बरोबर क्षणी, ‘मशीन थांबते.’

मार्गारेट पुन्हा बघायला बसल्या. त्या ओळीला त्यांच्या हातातली सुई थांबली आणि हात गळ्याशी गेला. मी लांबून बघत होते. सिनेमा संपल्यावर त्या आल्या, माझा हात दाबला आणि म्हणाल्या, “आता खरी घाबरले. थँक यू.”

कॉलिनने त्या दिवशी मला त्याचे दोन सगळ्यांत मोठे टोमॅटो दिले. मला अभिमान वाटला, हे कबूल करते. पण बसमध्ये बसल्यावर तो टिकला नाही. एक म्हातारी बाई आयुष्यभर शांततेत राहिली, त्या शांततेची तिला सवय होती. तिला तिथे भीती वाटावी म्हणून मी खटपट केली आणि ती मला जमली. तिनेच मागितलं होतं, हे खरं आहे. तिचा तो हक्क आहे, हेही मला पटतं. तरी गळ्याशी गेलेला तो हात माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आणि मग असं मनात आलं, की त्या खुर्चीत अप्पा असते तर?

अप्पा माझ्या पदवीदानासाठी आले. आई आली नाही, तिला विमानाची भीती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण हीथ्रोवरून येताना बसमध्ये ते बोलले आणि आख्ख्या बसने वळून बघितलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते शेडमध्ये असल्यासारखे बोलतात.

“शुभे! हितं गाई केवड्या गुबगुबीत हायेत!”

मी ओठांनी म्हटलं, ‘हळू.’

“हां हां,” ते ओरडले.

तो शब्द मी त्या दिवसांत सारखा म्हणत होते. बसमध्ये हळू, दुकानात हळू, पदवीदानाच्या हॉलमध्ये हळू. प्रत्येक वेळी ते मान हलवायचे आणि काही वेळ अजिबात बोलायचे नाहीत. त्या गप्प बसण्याने मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी लाज वाटायची.

काकूंनी त्यांना जेवायला वाढताना सांगितलं, “तुमची मुलगी कलेची सेवा करते हं, अप्पासाहेब.” अप्पांनी काकूंचे ओठ वाचले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घालून भात कालवू लागले. मग म्हणाले, “उद्या तुजा माग दाखीव.”

“काय?”

“माग. जितं तू काम करतीस. मानसाचा माग बघितल्याबिगार त्येचं कापड कळत न्हाई.”

मी ओठांनी सांगितलं, ऑफिसात बाहेरच्यांना येऊ देत नाहीत. ते म्हणाले, मी भाईर उबा राहीन, काचंतनं बघीन. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पण त्यांना काय दाखवायचं? बहिऱ्यांचा विचार करणारी पोरगी, असं ते गावभर सांगून आले होते. हे बघितल्यावर परत जाऊन टपरीवर काय सांगतील? त्यांच्याकडे दुसरी मिरवण्यासारखी गोष्ट नव्हती, आणि ही माझ्या हातून फुटणार होती. ‘वाढणार’ म्हणायलाही माझी जीभ वळेना.

रात्री मी कॉलिनला गुपचूप फोन करून विचारलं, तो चुकून आलेला केक बनवायचा कार्यक्रम उद्या मला देशील का? “वडील येतायत आणि त्यांना केक दाखवू?” तो म्हणाला. “उद्या हॉटेलच्या सिनेमाची शेवटची तपासणी आहे. तुझं सगळ्यांत चांगलं काम. तेच दाखवू.”

सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून आले. कॉलिनने चहा दिला. मार्गारेट मुद्दाम आल्या होत्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या, अप्पा मराठीत, दोघं एकमेकांच्या तोंडाकडे एकटक बघत होते आणि दोघांचंही समाधान होत होतं. मार्गारेट मला म्हणाल्या, “तुझे वडील फार स्पष्ट बोलतात. एक शब्द कळत नाही, पण सगळं दिसतं.” अप्पा म्हणाले, “ह्या बाई मागावर हुत्या का गं?”

मग मी हेडफोन लावले आणि काम सुरू केलं. अप्पा शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी मॉनिटरकडे बघितलं.

“ह्यो कागद कशाला?”

मी काही म्हणायच्या आत त्यांनी चिकटपट्टी काढली, कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

शेवटचा भाग चालू होता. तळघर, चादरी, तो माणूस. अप्पा पुढे वाकून बघायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आणि अप्पा हसले. मोठ्याने, मांडीवर थाप मारून.

“अगं, ह्यो तर सॉस हाय! समोश्याबरूबरचा!”

कॉलिन वळून हसला. त्याला न कळताच कळलं. मार्गारेट हसल्या. मला इतकं हलकं वाटलं की रडू यायच्या बेतात आलं. त्यांच्या कानांनी त्यांना वाचवलं होतं. त्यांच्यापुरता तो सिनेमा म्हणजे चादरीला सॉस फासणारा एक वेडा माणूस होता.

मग खाली ओळ आली. अप्पांना इंग्रजी येत नाही. त्यांनी बोट दाखवलं. “ह्ये तू लिवलंस? काय लिवलंस?”

मी ओठांनी म्हटलं, ‘दार वाजतं.’

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. तिथे दार नव्हतं. दुसरी ओळ आली. “आनि ह्ये?”

‘वारा सुटतो.’

त्यांनी आता स्क्रीनकडे बघितलं नाही. माझ्या कपाळाकडे बघितलं. मागावरच्या माणसाशी ओठांनी खोटं बोलता येत नाही, कारण तो ओठ शेवटी वाचतो.

“तोंड येक सांगतंय, कपाळ दुसरंच,” ते म्हणाले. “मला ‘काय न्हाई’ म्हनू नगंस, शुभे. खरं काय लिवलंय?”

मार्गारेट आमच्याकडे बघत होत्या. मी सांगितलं. ओठांनी, एकेक शब्द पुरा आकार देऊन. ‘हाड मोडतं.’ ‘बाई विनवण्या करते.’ ‘सुरी ओढल्याचा आवाज.’ ‘श्वास अडकतो.’ ‘श्वास.’ मराठीत हे शब्द मी त्याआधी कधी जुळवले नव्हते. आवाज न काढता सांगितले तरी ते तोंडात जड लागत होते.

अप्पांचं हसू गेलं. मला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत. ते सिनेमा बघायचं सोडून माझ्याकडे बघत राहिले. प्रत्येक आवाजाच्या जरा आधी माझे खांदे कानांकडे चढतात, हे मला माहीत नव्हतं. सिनेमा आधी कितीतरी वेळा ऐकलेला होता, म्हणून कधी काय येणार ते खांद्यांना पाठ होतं. त्यांनी ते बघितलं.

“आमच्या मागांत तू पाळन्यात झोपायचीस,” ते म्हणाले. “कदी दचकली न्हाईस. आनि ह्ये रोज ऐकतीस?”

मी मान हलवली.

“बहिऱ्यांसाठी?”

मी मार्गारेटकडे बोट केलं. ‘त्यांना हवं असतं,’ मी ओठांनी म्हटलं. ‘सगळ्यांना ऐकू येतं ते त्यांनाही कळायला हवं.’ हे खरं होतं, आणि माझं कपाळही बहुतेक तेच सांगत असावं, कारण अप्पांनी मार्गारेटकडे बघून हात जोडले. मार्गारेटनी सुया मांडीवर ठेवून तसेच हात जोडले.

मग ते माझ्याकडे वळले. “आन हिकडं.”

त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावरचे हेडफोन काढले. टोपी काढून टेबलावर ठेवली. हेडफोन स्वतःच्या कानांवर लावले, नीट दाबून बसवले, आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसले. समोर ती बाई तळघरातून जिन्याकडे धावत होती, माझ्या ओळी एकामागून एक येत होत्या, मार्गारेट माझ्या खांद्यावरून त्या वाचून वेळ तपासत होत्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. खिडकीतून चॉकलेटचा वास येत होता.

अप्पांनी डोळे मिटले आणि बराच वेळ लक्ष देऊन ऐकलं. मग शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सांगावं तसे, सगळं ऑफिस वळून बघेल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

“काय न्हाई गं, पोरी. सगळं शांत हाय.”

मी त्यांना हळू म्हटलं नाही.